खांद्यावर उरलेला हात

"जरा उजळ करा हं. फार नको, पण दिसायला बरं दिसलं पाहिजे," काउंटरवर कोपर टेकवून बाई म्हणाल्या.

त्यांची मुलगी शेजारीच उभी होती. नोकरीच्या अर्जाला लावायचा फोटो नुकताच काढून झाला होता. बोलणं आपल्या चेहऱ्याबद्दल चाललंय आणि आपल्याला कुणी काही विचारत नाही, याची तिला सवय असावी. ती भिंतीवरच्या फ्रेमा बघत राहिली.

"होऊन जाईल काकू," म्हणत पिंकीने माऊस फिरवला. पडद्यावरचा सावळा चेहरा बघता बघता दुधात बुडवून काढल्यासारखा झाला. बाई खूश झाल्या. मायलेकी गेल्यावर मागच्या खुर्चीतून फोटोकाका म्हणाले, "त्या पोरीला मुलाखतीच्या दारातच अडवतील बघ. म्हणतील, फोटोतली बाई कुठाय, तिला पाठवा."

पिंकी हसली. "गिऱ्हाईक म्हणेल तसं करायचं, हे तुम्हीच शिकवलंत काका."

"शिकवलं खरं," म्हणत काकांनी रेडिओचा आवाज जरा वाढवला. स्टुडिओ त्यांचाच. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की ते कीर्तनं लावायचे. निरूपण रंगात आलं की हातातली फ्रेम बाजूला ठेवून मान डोलवायची आणि पद संपलं की स्वतःशीच "वा बुवा" म्हणायचं.

मंडळी, गोष्ट तशी या फोटोपासूनच सुरू होते. आपल्यापैकी किती घरांत असा एखादा फोटो असेल, ज्यातलं माणूस ओळखीचं आहे पण त्याचा रंग ओळखीचा नाही! आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. पिंकीलाही वाटत नव्हतं.

पिंकी हे तिचं घरचं नाव. जन्मली तेव्हा गुलाबी होती, म्हणून मोठ्या मावशीने ठेवलेलं. त्याच वर्षी धाकट्या मावशीला मुलगी झाली, ती सावळी. मोठ्या मावशीने दुपट्यात डोकावून म्हटलं, "ती पिंकी, तर ही काळू." सगळे हसले आणि नाव चिकटलं. प्रेमानेच चिकटलं, असं सगळे म्हणत. काळूला काय वाटतं हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. ती हाकेला ओ देत होती, एवढं पुरेसं होतं.

दोघी मावसबहिणी एका ताटात जेवल्या, एका पांघरुणात झोपल्या आणि शाळेत असताना एकाच वेळी एका वेडात सापडल्या. कोरियातल्या सात मुलांच्या बँडचं वेड. गाण्याचे शब्द कळायचे नाहीत, पण पायांना काय कळायचं ते कळायचं. आरशासमोर उभं राहून दोघी एकेक पाऊल बसवायच्या. बँडमधल्या सगळ्यात धाकट्याला जगभरच्या चाहत्यांनी नाना नावं दिली होती. या दोघींनी त्याला घरगुती नाव दिलं, शेंडेफळ.

पुढे काळू एका हॉलमध्ये लहान मुलांना नाच शिकवू लागली. पिंकी स्टुडिओत फोटोंना हात फिरवू लागली आणि बँडच्या चाहत्यांसाठी तिने इंटरनेटवर एक पान सुरू केलं. सातही मुलांचे फोटो ती असे उजळवायची की ती चिनीमातीची घडवल्यासारखी दिसत. पान वाढलं. त्यातून सातासमुद्रापलीकडची एक मैत्रीण मिळाली. तिने स्वतःला नाव घेतलं होतं मधमाशी. काळ्या वर्णाची, हसरी, दवाखान्यात नर्स. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघींच्या गप्पा चालत. मधमाशीला शब्दांचे अर्थ विचारायची भारी हौस. "तुमच्याकडे आईला काय म्हणतात? रुसण्याला काय म्हणतात?"

आणि मग एक दिवस शेंडेफळाचा जुना कार्यक्रम कुणीतरी शोधून काढला. त्यात तोंडाला काळं फासून, कुरळ्या केसांचा टोप घालून, एका काळ्या वर्णाच्या परदेशी गायकाची नक्कल करत तो हसवत होता. जगभर गदारोळ उठला. कुणी म्हणालं, लहान होता तेव्हा. कुणी म्हणालं, हाकला त्याला. मधमाशीने एवढंच लिहिलं, "मला फार लागलं. रात्र रात्र रडले. मी याची गाणी ऐकत रात्रपाळ्या काढल्या आहेत."

पिंकीने आपल्या पानावर खणखणीत मजकूर टाकला. रंगावरून माणसाला हिणवणाऱ्याला माफी नाही, त्याला कॅन्सल करा, वाळीत टाका. पान लोकांनी डोक्यावर घेतलं. कौतुकाचा नुसता पाऊस पडला. तिच्या मजकुरातला एक शब्दही खोटा नव्हता, मंडळी. पण खऱ्या शब्दालासुद्धा धार असते आणि ती धार पिंकीच्या हाताला कळली.

शेंडेफळाने पुढे रडत माफी मागितली. ती खरी की खोटी, यावर लोक भांडत राहिले आणि मग दुसऱ्या विषयाकडे वळले.

त्याच सुमारास बँडच्या कंपनीने चाहत्यांच्या नाचाची स्पर्धा जाहीर केली. निवडलेल्या गटाला बँडच्या मैफलीआधी त्याच मंचावर नाचायला मिळणार होतं. दोघी ज्या गटात नाचत, त्या गटाच्या डान्सवाल्या मॅडमनी सगळ्यांना आरशासमोर उभं केलं आणि सेंटर ठरवला. सेंटर म्हणजे गटाची मधली, पुढची जागा. सगळ्यांची नजर जिथे पहिल्यांदा जाते ती.

"काळू, तू मध्ये ये," मॅडम म्हणाल्या. "पिंकी, तू तिच्या डाव्या हाताला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिंकीनेही वाजवल्या. पण आरशात तिला स्वतःचाच चेहरा दिसला आणि तो तिने चटकन दुसरीकडे वळवला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय गं, तोंड का एवढंसं?"

"काही नाही. काळूला मध्ये घेतलंय."

"अगंबाई, काळूला?" आई म्हणाली. वाईट हेतूने नाही, आपलं सहज. पण त्या सहज शब्दाने पिंकीच्या आत जे धुमसत होतं त्यावर फुंकर पडली. गोरी मी, पान माझं, बँडची बारीकसारीक माहिती मला आणि मध्ये कोण, तर काळू! तिला काळू मुळात आवडेनाशी झाली असं नाही. तिचं चांगलं होऊ नये, इतकंच तिला वाटत होतं. मत्सर हा असाच असतो. तो माणसाला शत्रू बनवत नाही, आपल्याच माणसाच्या ताटातली पोळी मोजायला बसवतो.

सरावाला काळू घाम पुसत विचारायची, "पिंके, माझा डावा हात उशिरा जातोय का गं?" जात नसायचा. पिंकी म्हणायची, "थोडासा."

एका दुपारी स्टुडिओत जुना फोन चार्जिंगला लावून बसली असता तिला तो व्हिडिओ सापडला. शाळेत असतानाचा, धाकट्या मावशीच्या स्वयंपाकघरातला. काळू दोन बोटांनी डोळ्यांचे कोपरे ओढून शेंडेफळाची नक्कल करत होती, तोंडाने काहीतरी चिंग-चांग बडबडत. आणि व्हिडिओच्या आधीच्या भागात, फोन धरलेल्या मुलीचा आवाज होता. पिंकीचाच. "ए काळू, डोळे ओढून दाखव ना. ओढ गं, अजून ओढ, मस्त दिसतेस!"

पिंकीने तो पुन्हा पहिल्यापासून लावला. नको ते कापायचं, हवं ते उजळवायचं, हे तर तिचं रोजचं काम. तिने पहिला भाग कापला. एका बिननावी खात्यावरून व्हिडिओ सोडला. मग आपल्या पानावर त्याची दखल घेत लिहिलं, "मनाला यातना होतात, पण सत्य लपवता येत नाही."

पुढचं काम लोकांनी केलं. कोरियन माणसांची टिंगल करणारी सेंटरला? हिला मंच द्यायचा? हिच्याकडे मुलं पाठवता? जे लोक काळूला कधी भेटले नव्हते, त्यांनी जात-कुळी काढल्यासारखे तिचे सगळे जुने फोटो उकरले. आणि दुसऱ्याच्या चेहऱ्याची थट्टा केली म्हणून चिडलेल्या त्याच लोकांनी, चिडायच्या भरात, तिच्या रंगावरून तिला काय काय म्हटलं ते इथे लिहिता येत नाही. मॅडमचा फोन वाजायचा थांबेना. नाचाच्या वर्गातली मुलं कमी होऊ लागली. एका बापाने हॉलच्या दारात उभं राहून फीचे उरलेले पैसे परत मागितले, आणि काळूने मान खाली घालून दिले.

काळूने स्वतःच्या खात्यावर दोन ओळी लिहिल्या. "हो, मी हे केलं होतं. चूक होती. ज्यांना लागलं त्यांची माफी मागते." व्हिडिओ कुणी काढला, कुणी करायला सांगितलं, याबद्दल अवाक्षर नाही. लोकांनी त्या माफीचीही टर उडवली.

त्या आठवड्यात एकदा दोघी जिन्यात समोरासमोर आल्या. पिंकी वर चढत होती, काळू खाली उतरत होती. काळूचे डोळे सुजले होते.

"पिंके," ती म्हणाली, "तुझा तो जुना फोन चालतो का गं अजून?"

पिंकी पटकन म्हणाली, "बंद पडलाय. कधीचा."

"बरं," काळू म्हणाली आणि कठडा धरून खाली गेली.

सेंटरची जागा पिंकीला मिळाली. मॅडमनी उत्साहाने दिली नाही, नाइलाजाने दिली. आणि गंमत बघा, ज्या जागेसाठी जीव टाकला, त्या जागेवर उभं राहिल्यावर तिला पाय जड वाटू लागले. तिची डावी बाजू मोकळी होती.

स्पर्धेच्या अर्जासोबत गटाचा फोटो पाठवायचा होता. नवा काढायला वेळ नव्हता. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या हातात कला आहे. जुन्या फोटोतून काळूला काढून टाक, म्हणजे झालं."

स्टुडिओत पिंकीने फोटो उघडला. काळू मध्ये, हसत. पिंकी तिच्या डावीकडे. एकेक करून तिने काळूचा चेहरा पुसला, केस पुसले, धड पुसलं, त्या जागी मागची भिंत भरली. सफाईदार काम. पण शेवटी एक गोष्ट उरली. काळूचा हात. तो पिंकीच्या खांद्यावर होता. बोटं पिंकीच्या शर्टाच्या घडीत अशी रुतली होती की हात काढायचा तर पिंकीचा खांदाच नव्याने बनवावा लागणार होता. पडद्यावर आता रिकाम्या भिंतीतून आलेला एक सावळा हात पिंकीला धरून उभा होता.

"माणूस गेलं, हात राहिला," मागून काका म्हणाले. त्यांनी रेडिओ बंद केला होता. "कोण गं ही? तुझी मावसबहीण ना? ती जिच्या नावाने सगळीकडे शंख चाललाय?"

"तिने चूक केली होती काका. डोळे ओढून नक्कल केली होती."

"चूकच ती. दुसऱ्याच्या चेहऱ्याची टिंगल ही चूकच. तू सांगत होतीस ती परदेशातली मैत्रीण रडली, तेही खरं. मी कुठे नाही म्हणतो?" काका शेजारच्या स्टुलावर बसले. "पण चूक दाखवणारे दोन प्रकारचे असतात पोरी. एकाला समोरचा सुधारायला हवा असतो, दुसऱ्याला तो पडायला हवा असतो. शब्द दोघांचे सारखेच. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही."

"मग कळायचं कसं?"

"दाखवणाऱ्याला कळतं. त्याने आपल्या मनाला एकच विचारायचं. हिने माफी मागितली, तेव्हा मला बरं वाटलं, की वाटलं, अरे, ही अजून उभी कशी?" काका म्हणाले. "आज बुवा सांगत होते, देवाच्या दारात वकील लागत नाही, कारण तिथे फिर्यादीचं मन आधी तपासतात. मला एक सांग. तो व्हिडिओ कुणीतरी समोर उभं राहून काढला असेल ना? त्या मुलीने त्या माणसाचं नाव का नाही घेतलं?"

काका उठले, चष्मा पुसला आणि फ्रेमांना काचा बसवायला आत गेले. त्यांना सगळं कळलं होतं की काहीच कळलं नव्हतं, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही.

तेवढ्यात फोनवर मधमाशी उगवली.

"तुझ्या पानावर त्या मुलीचं वाचलं," तिने लिहिलं होतं. "शेंडेफळावर मी रागावले, कारण त्याने माझं ऐकावं असं मला वाटत होतं. तो नाहीसा व्हावा असं मला वाटत नव्हतं. या मुलीशी कुणी बोललं का? तिच्या घरचं कुणी आहे का तिच्याजवळ?"

पिंकीने लिहिलं, "ती माझी मावसबहीण आहे."

पलीकडून आलं, "अरे देवा. मग तू कशी आहेस? ती कशी आहे? तिचं नाव काय?"

पिंकीची बोटं सवयीने चालली. काळू, तिने लिहिलं आणि पाठवलं.

लगेच मधमाशीचा नेहमीचा प्रश्न आला. "गोड वाटतं ऐकायला. अर्थ काय त्याचा?"

आणि पिंकीचं बोट हवेत राहिलं.

अर्थ काय त्याचा! जिने काळं फासलेलं तोंड बघून रात्री रडून काढल्या, तिला अर्थ सांगायचा. माझ्या बहिणीचा रंग तुझ्यासारखा आहे, म्हणून आम्ही तिला पाळण्यापासून त्या रंगाने हाक मारतो. प्रेमाने मारतो. तिला विचारलं नाही कधी. रंगावरून हिणवणाऱ्याला माफी नाही, असं मी जगाला बजावलं, तेव्हाही घरात मी तिला त्याच नावाने पाणी आणायला सांगत होते. आणि तिला मध्ये उभी केली तेव्हा मला जे सललं, त्याच्या तळाशीही तोच रंग होता.

मंडळी, माणसाला आपला चेहरा खरा कधी दिसतो? दुसऱ्याला आपला अर्थ सांगायची वेळ आली की दिसतो!

पिंकीने मधमाशीला सगळा अर्थ लिहिला. एकही शब्द उजळवला नाही. मग जुना फोन काढला आणि आपल्या पानावर तो व्हिडिओ पूर्ण टाकला, पहिल्या भागासकट. त्याखाली लिहिलं, "हा आवाज माझा आहे. तिला मी करायला लावलं. कापला मी, सोडला मी. तिला मध्ये उभी केली म्हणून माझा जळफळाट झाला होता."

व्हायचं तेच झालं. कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्यांनी तिला पायाखाली घेतलं. तिने उजळवलेले सगळे जुने फोटो लोकांनी उकरले आणि विचारलं, ही गोरेपणाची हौस कुणाची? प्रश्न बरोबर होता. विचारायची तऱ्हा तिच्या पूर्ण ओळखीची होती. तिनेच ती लोकांना शिकवली होती.

संध्याकाळी ती हॉलवर गेली. वर्ग सुटला होता. काळू एकटीच चटया गुंडाळत होती.

"वाचलंस?" दारातूनच पिंकीने विचारलं.

"वाचलं."

"तुला आधीपासून माहीत होतं."

"स्वयंपाकघरात तिसरं कोण होतं?" काळू चटई आवळत म्हणाली. "आई होती, ती पिठाच्या हाताने फोन कशाला धरेल?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तुला खाल्लं असतं. मला खाताना बघत होते ना मी. तसं कुणाचंच व्हायला नको." तिने चटई कोपऱ्यात उभी केली. "आणि तू येशील असं वाटत होतं. उशीर केलास."

पिंकीला हुंदका आवरला नाही. काळूने तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, लांबही गेली नाही.

"मला माफ कर."

"अजून नाही," काळू म्हणाली. "राग आहे. तो असू दे थोडे दिवस. उगाच हो म्हणाले तर खोटं होईल."

"मी काय करू?"

काळूने जरा विचार केला. "उद्यापासून मला माझ्या नावाने हाक मार. पाळण्यातल्या नाही, शाळेच्या दाखल्यावरच्या. आणि मोठ्या मावशीने तोंड वाकडं केलं तर तूच तिला समजाव. मी दमलेय आता."

"समजावते."

"आणि त्या चटया घे. नुसती रडत उभी राहू नकोस."

पिंकीने नाक पुसलं आणि चटया उचलल्या.

मॅडमनी पूर्ण व्हिडिओ बघितला, दोघींना समोर बसवून चांगलं फैलावर घेतलं. मग म्हणाल्या, "आता कोरियातल्या कुणाला तरी तुम्ही दोघी मिळून पत्र लिहा. चूक त्यांच्या बाबतीत झालीय, तुमच्या दोघींच्या आपसातली नाही फक्त." दोघींनी मधमाशीकडून एका कोरियन चाहतीचा पत्ता मिळवला, लिहिलं. तिचं उत्तर आलं, ते गोड नव्हतं. शाळेत तिलाही असेच डोळे ओढून दाखवायचे, असं तिने सविस्तर लिहिलं होतं. दोघींनी ते एकत्र बसून वाचलं आणि त्या दिवशी नाच झाला नाही.

स्पर्धेला गट गेला, मधल्या जागेवर तीच होती, जिला मॅडमनी पहिल्यांदा उभं केलं होतं. निवड झाली नाही. वर्गातली काही मुलं परत आली, काही आली नाहीत. मोठ्या मावशीने दाखल्यावरच्या नावावर नाक मुरडलं, मग रोज दोनदा चुकत, तिसऱ्यांदा बरोबर हाक मारू लागली. पिंकी डावीकडे नाचली. एकदा सरावात बहिणीने विचारलं, "माझा हात उशिरा जातोय का?" पिंकी म्हणाली, "नाही. वेळेवर जातोय. आधीही वेळेवरच जात होता."

बंधुभगिनींनो, चुकीला चूक म्हणायलाच हवं. कुणाच्या रंगाची, डोळ्यांची, बोलण्याची टिंगल झाली तर गप्प बसणं हेही पापच आहे. पण बोट उचलण्याआधी दोन गोष्टी बघूया. हे बोट सुधारण्यासाठी उठतंय की पाडण्यासाठी? आणि ज्या चुकीवर आपण जगाला कॅन्सल करायला निघालो, ती चूक आपल्या घरात लाडाचं नाव घेऊन तर वावरत नाही ना? माणसाला त्याच्या चुकीसह समोर बसवून बोललं तर तो बदलू शकतो. पुसून टाकलेल्या माणसाला बदलायलाही जागा उरत नाही.

पिंकी अजून स्टुडिओतच आहे. उजळ करून द्या म्हटलं की ती आधी फोटोतल्या माणसाला विचारते, "तुम्हाला हवंय का?" काही गिऱ्हाइकं रागावून जातात. काका रेडिओचा आवाज तेवढा वाढवतात.

गटाचा तो मूळ, न पुसलेला फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलाय. सगळ्या मुली आपापल्या रंगात. मधली हसतेय आणि तिचा हात डावीकडच्या मुलीच्या खांद्यावर घट्ट आहे.